पाणी नितळ होईपर्यंत

बरण्या अठरा होत्या. एकेक पुसून, झाकण घट्ट करून ताईनं त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं लावल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत आपण यांच्यावरची धूळ तेवढी झटकली, यांच्याकडे धड बघितलं असं कधी नाही. प्रत्येक बरणीत दोन मुठी वाळू. पिवळसर, स्वच्छ, मधूनच शिंपल्यांचे पांढरे तुकडे. बाहेर चिकटवलेल्या कागदावर आबांच्या तिरप्या अक्षरात साल. शेवटच्या दोन कागदांवर मात्र अक्षर तिचं होतं, कारण तोवर आबांचा हात थरथरायला लागला होता आणि कानांनी तर केव्हाच राजीनामा दिला होता.

आबा बंदरात खोली मोजायचे. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाला बांधलेला पत्र्याचा डबा. दोरीवरून खोली कळायची आणि डब्यात तळ यायचा. जहाजवाल्यांना आकडे सांगण्यापेक्षा बरणी दाखवलेली बरी, असं त्यांचं मत होतं. वाळू बघितली की नांगर धरेल की घसरेल हे शहाण्याला कळतं. म्हणून दर वर्षी सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी, दिव्याचा खांब आणि गोदामाचं धुराडं एका रेषेत दिसेल तिथे जाऊन ते डबा टाकायचे. जागा तीच, डबा तोच. पहिल्या वर्षी आणलेलं जसंच्या तसं बरणीत भरलं, आणि पंधरा दिवसांत आतलं काहीतरी कुजून झाकण उडालं. आईनं घर डोक्यावर घेतलं. माझ्या कपाटात समुद्रानंही पाय धुऊनच यायचं, म्हणाली. तेव्हापासून घरात नियम झाला की पाणी नितळ होईपर्यंत वाळू धुवायची, उन्हात वाळवायची आणि मग भरायची. हे काम घरातल्या एकुलत्या एक मुलीकडे आलं, हे सांगायला नको.

दादा खोकी आणि रद्दी घेऊन आला तेव्हा बारा वाजले होते. बाहत्तरीतही तो पाठ ताठ ठेवून बसायचा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्लीत लोक त्याला बांधवाले साहेबच म्हणत, आणि का म्हणू नये? ओट्यामागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक फिकट रेघ होती, बांधाआधीच्या शेवटच्या पुराची. रंग कितीदा दिला तरी ती वर यायची. सत्तावीस वर्षांपूर्वी इंजिनीअर म्हणून त्यानं समुद्रबांध पुरा केला, त्यानंतर पाणी या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आलं नाही. एवढं श्रेय त्याच्याकडून कोणीच काढून घेऊ शकत नव्हतं.

"दहाला समिती बसणार," तो रद्दीचे कागद फाडत म्हणाला. "आपण साडेनऊला पोचू. दक्षिणेच्या नव्या बांधाला आता एकच आडकाठी उरलीय, तळ बदलेल म्हणे. त्यांना म्हणावं, पहिल्या बांधाच्या आधीच्या चौदा बरण्या बघा आणि नंतरच्या चार बघा. सांगा, कुठली कुठली ते."

"बारक्या येतोय का उद्या?"

"त्याला शेजारी बसवणार आहे. वीस वर्षं बांधाचे दरवाजे सांभाळतोय तो. त्याच्या तोंडून ऐकलं की लोकांना पटतं."

ताईनं बटाटे उकळायला ठेवले. बारक्या त्रेसष्टचा झाला होता, पण घरात शेंडेफळाचं नाव मोठं होत नाही. तो कुठेही शेजारी बसेल, मान हलवेल, हे तिला माहीत होतं. बांधाआधी त्याच्याकडे शिंपल्यांचा पट्टा होता, आबांनी स्वतः पेरलेला. होडीमागे दातेरी फणी ओढून तो शिंपल्या काढायचा. बांध झाल्यावर चार वर्षांत पट्टा मेला. दादानं अहवाल लिहिला: तळात बदल नाही, पुरावा म्हणून बरण्या पाहाव्यात, पट्टा बेसुमार फणी फिरवल्यामुळे नष्ट झाला. आणि तो अहवाल त्यानं याच टेबलाशी बसून आबांना वाचून दाखवला. आबांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. उन्हाळा होता, खिडकी उघडी होती, समोरच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून सगळं ऐकलं. पुढे गल्लीत म्हणच पडली, फणी फिरली आणि घर फिरलं. आबा त्याच वर्षाअखेर गेले. तीन वर्षांनी दादानं शब्द टाकून बारक्याला बांधावर चिकटवलं, आणि सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.

ताईही म्हणाली होती.

*

दादाच्या मुलीला घरात मास्तरीण म्हणत, कारण पाचव्या वर्षापासून ती मोठ्यांच्या चुका काढत आलेली. नोकरीही तिनं तसलीच शोधली. सरकारच्या मोजणी खात्यात ती समुद्राचा तळ तपासायची. ती आली तेव्हा बारक्या आणि त्याची बायको जेवायला बसले होते. तिच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं, तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांवर धरलेलं.

"बाबा, बरण्या बांधू नका अजून," ती म्हणाली.

तिनं ताटं सरकवून ते टेबलावर ठेवलं आणि प्लास्टिक सोडवलं. उभी चिरलेली नळी होती, पावसाच्या पन्हळीसारखी, आणि तीत तळ जसा होता तसा आडवा निजलेला. एका टोकाला पिवळी वाळू. पुढे राखाडी गाळ, बोटांच्या टोकांपासून कोपराच्याही वर भरेल एवढा. दोन्हींच्या मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ होती.

"कुठली ही?" दादानं विचारलं.

"दक्षिणेला मोजणी चालू होती. म्हटलं, तुलनेसाठी एक नळी काकाच्या जुन्या पट्ट्यातून काढू. धुराड्याच्या रेषेतून. वर अजून बराच गाळ होता, रेघेजवळचा तेवढा तुकडा कापून आणलाय."

"धुराडं पाडून आठ वर्षं झाली."

"नकाशात आहे अजून."

दादानं चष्मा लावला. मास्तरणीला वाटलं होतं की ते चिडतील, पण त्यांनी एखाद्या कनिष्ठाचं काम तपासावं तशी नळी दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि तिला त्यांचं हेच आवडायचं, लहानपणापासून.

"बांधाच्या आडोशाला थोडा गाळ येणारच," ते म्हणाले. "तो अलीकडचा असेल."

"किती अलीकडचा? तुमच्या अहवालात लिहिलंय की बांधानंतर चार वर्षांनीही तळाला निव्वळ वाळू. मग ही रेघ त्यानंतरची हवी. पण शिंपल्या रेघेवर मेल्यात, बाबा. आणि पट्टा चौथ्या वर्षी संपला होता. दोन्ही खरं कसं असेल?"

"आबा खोटं बोलत नव्हते."

"मी कुठे म्हणतेय खोटं? मला कळत नाहीये म्हणून तर रविवारी आले."

बारक्याची बायको इतका वेळ गप्प होती, आणि ते तिच्या स्वभावात नव्हतं. "गाळ आला कुठून पण एवढा? आमच्यासारख्यांना कळेल असं सांग," ती म्हणाली.

"काकू, पाणी घाईत असलं की काहीही उचलून नेतं. सुस्तावलं की हातातलं खाली ठेवतं, आधी जाडं, मग बारीक. पूर्वी तिथून ओहोटीचा ओढा जोरात जायचा, गाळाला बसायला उसंतच नव्हती. बांधानं तो ओढा वळवला. आत पाणी थंडावलं आणि गाळ बसला. बाहेर तोच ओढा बांधाच्या पायथ्याला घासून जायला लागला, तिथे तळ खरवडला गेला. आत भर, बाहेर खड्डा."

"खड्डा आहे," बारक्या म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो ताटातल्या बटाट्याची साल काढत होता. "दर दोन वर्षांनी दगड टाकतो आम्ही. गिळतो तो."

मास्तरणीनं नळीतल्या रेघेवर बोट टेकवलं. तिथे वाळूत अर्ध्या रुतलेल्या पाच-सहा शिंपल्या होत्या. "काका, हे बघ. दोन्ही झाकणं मिटलेली, आणि सगळ्या उभ्या. जिवंत शिंपली अशीच उभी राहते ना? फणीनं ओढल्या असत्या तर आडव्या पडल्या असत्या, फुटल्या असत्या. या जागच्या जागी गाडल्या गेल्यात. यांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता."

बारक्यानं हात पुसला, बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, आणि मास्तरणीला एकदम कळलं की काकू रडणार आहे आणि रडू नये म्हणून आता भांडणार आहे.

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच," काकू म्हणाली. "तेवीस वर्षं. माझ्या लेकाच्या लग्नात न्हाव्यानं विचारलं, जेवणात शिंपल्या आहेत का शिल्लक. सगळे हसले. हेही हसले."

"वहिनी, एका नळीवरून शेंडा ना बुडखा असल्या गोष्टी..." दादानं सुरुवात केली. "अठरा बरण्या एका बाजूला आणि एक नळी एका बाजूला. मला बरण्यांवर विश्वास ठेवावा लागेल. समितीही ठेवेल."

"बरण्या मी धुतल्यात," ताई म्हणाली.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. कोणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटून तिनं वळून पुन्हा सांगितलं.

"धुतल्यात मी. आईचा नियम होता ना, पाणी नितळ होईपर्यंत. पहिल्या वर्षांना एक पाणी पुरायचं. बांधानंतर दोन लागली, मग चार. तिसऱ्या वर्षी सात. शेवटच्याला नऊ. तळाशी चिमूट चिमूट वाळू राहायची, म्हणून आबांना दोन-तीनदा डबा टाकायला लावायचे, बरणी भरावी म्हणून. आपली मागची मोरी तुंबायची आठवतं का? नळवाल्यानं दोन बादल्या राखाडी लगदा काढला होता. तुम्ही सगळे म्हणालात, ताईच्या घरात माणसांपेक्षा मोरीच जास्त खाते."

ते सगळ्यांनाच आठवत होतं. त्या विनोदावर हे घर कितीतरी वर्षं हसलं होतं.

"आत्या," मास्तरीण हळूच म्हणाली, "तू कोणाला सांगितलं नाहीस?"

ताईनं दादाकडे पाहिलं. "सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी. तू त्याच खुर्चीत बसला होतास, पेपर वाचत. म्हटलं, दादा, यंदा पाणी नितळच होईना. तू म्हणालास, मग अजून एकदा धू."

बाहेरच्या रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"मी कसा..." दादा म्हणाला. "धुणं म्हणजे मला काय माहीत, तू काय धुतेस ते."

"नाहीच माहीत तुला. या ओट्याशी तू कधी उभा राहिला नाहीस. पण मला तर माहीत होतं. तू तो अहवाल वाचलास तेव्हा मी इथेच होते, आणि मूग गिळून बसले. मला वाटलं, गाळ म्हणजे घाण, घाणीला कोण मोजतं. साहेब माणूस लिहितोय तर विचार करूनच लिहीत असेल." ती बारक्याकडे वळली. "बारक्या, मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं."

बारक्या म्हणाला, "जाऊ दे गं."

"जाऊ का द्यायचं?" त्याची बायको म्हणाली. "भाऊजी, उद्या दक्षिणेचं काय बोलायचं ते तुम्ही बोला. पण आमच्या माणसाबद्दल लिहिलंत ते खोडा. समितीपुढे खोडा."

"खोडतो ना. मी कुठे नाही म्हणतोय?" दादानं खिशातून पेन काढलं, रद्दीतला एक कोरा कागद ओढला. "असं लिहू या. पट्टा नष्ट होण्यामागे फणी हे एकमेव कारण नसावं."

"नसावं?"

"शास्त्रात असंच लिहितात, वहिनी."

"तेव्हा नव्हतं लिहिलं असं. तेव्हा ठणकावून लिहिलं होतं."

"बाबा," मास्तरीण म्हणाली. बापाची चूक काढण्यासाठी ती आयुष्यभर तयारी करत आली होती, आणि आता चूक हाती लागल्यावर तिला ती कुठेतरी ठेवून द्यावीशी वाटत होती.

बारक्या उठला. त्यानं ताट ओट्यावर नेऊन ठेवलं आणि खुंटीवरून चाव्यांचा जुडगा घेतला. "सव्वातीनला दरवाजे उघडायचेत," तो म्हणाला.

"मी येतो," दादा म्हणाला. आणि मग कपाटावरून, धुळीसकट, आबांची दोरी आणि डबा त्यानं खाली काढला.

*

बांधावरून चालून दादाला कितीतरी वर्षं झाली होती. उद्घाटनं, पाहुणे, वर्तमानपत्रवाले, तेव्हा तो गाडीतून यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं त्यानं इमानदारीनं केलं होतं. आज पायी चालताना डावीकडे उघडा समुद्र आदळत होता आणि उजवीकडे पाणी इतकं निपचित होतं की त्यावर बसलेले पक्षी हलतही नव्हते. पक्षी घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते, हे त्याला जरा वेळानं कळलं. त्याच्या नकाशात तिथे अडीच माणूस पाणी होतं.

दरवाजांच्या खोलीमागे नोकरीची छोटी होडी बांधलेली होती. दरवाजे उघडायला तासभर होता. बारक्या वल्हं मारायला बसला, दादा समोर, डबा मांडीवर घेऊन. धुराडं नव्हतं, दिव्याचा खांबही बदललेला, पण बारक्यानं मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि वल्हं थांबवलं.

"इथे."

"कशावरून?"

"दादा, मी इथे अठरा वर्षं आलोय."

दादानं दोरी सोडली. आबांनी हातभर अंतरावर कातड्याचे तुकडे बांधले होते, ते बोटांखालून एकेक सरकत गेले, आणि मग लवकरच दोरी ढिली पडली. आबांच्या वेळी इथे पुरी दोरी जायची, आज निम्मीसुद्धा गेली नव्हती. तो तशीच ढिली दोरी धरून बसून राहिला. उरलेली दोरी त्याच्या पायाशी गुंडाळलेली होती, आणि तेवढाच गाळ खाली बसला होता, हे समजायला इंजिनीअर असायची गरज नव्हती.

"तुला तेव्हा गाळ दिसला असेल ना?" त्यानं विचारलं.

"दिसला की. फणी वर आली की दाताला लोण्यासारखा लागलेला असायचा."

"मग?"

"मला वाटलं, मीच उकरून वर आणला. शिंपल्या कमी मिळायला लागल्या म्हणून जास्त ओढायचो. जास्त ओढलं की पाणी जास्त गढूळ व्हायचं. बरोबर जुळत होतं सगळं." बारक्यानं वल्ह्याचं पाणी झटकलं. "आणि शिंपल्या काढायला बंदी असते त्या महिन्यात दोनदा गेलो होतो, ते खोटं नाही. आबांना कळलं होतं."

"मग तू भांडला का नाहीस माझ्याशी?"

"कशाच्या जोरावर? तुझ्याकडे बरण्या होत्या."

दादा दोरी वर ओढायला लागला. त्याला तो अहवाल लिहिलेली दुपार आठवत होती. शेवटचं वाक्य लिहिताना त्याला जरा हलकं वाटलं होतं, हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बांधात काही चुकलंय का, ही भीती चार वर्षं त्याच्या पोटात होती. बारक्याच्या बंदीतल्या फेऱ्यांचं ऐकलं तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"आबा नंतर माझ्या होडीत बसले नाहीत," बारक्या म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होता. "शेवटी शेवटी मी अंघोळ घालायचो त्यांना. पाठ चोळून घ्यायचे, दाढी करून घ्यायचे. पट्ट्याचं नाव निघालं की तोंड भिंतीकडे. मला ऐकू येत नाही म्हणायचे."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असेल? तू रविवारी यायचास."

डबा वर आला तेव्हा काठोकाठ भरलेला होता. राखाडी, गुळगुळीत, कुजका वास येणारा. बारक्यानं होडी वळवली. सव्वातीनला त्यानं दरवाजांची चाकं फिरवली, एकामागून एक, प्रत्येक चाकाला किती वेढे ते न मोजता. आतलं पाणी बाहेर धावलं आणि बाहेरच्या हिरव्या पाण्यात एक मातकट पट्टा लांबवर शिरत गेला. दादा कठड्याला धरून ते बघत राहिला. आपल्या भावाला आपण इथे नोकरी लावून दिली होती, या गोष्टीची त्याला आत्ता लाज वाटली.

*

घरी आल्यावर दादानं बाह्या वर केल्या. बारक्या दारातच थांबला. दादाला ओट्याशी उभं बघायची कोणालाच सवय नव्हती. नळ कुठल्या बाजूला फिरतो हेसुद्धा त्याला शोधावं लागलं.

"परात घे," ताई म्हणाली. "पांढरी. पाणी सोड, हातानं हलव, जरा थांब, आणि वरचं हळूच ओतून दे. मोरीत नको, बादलीत ओत."

दादानं पहिलं पाणी ओतलं. दुसरं ओतलं. प्रत्येक वेळी तो थांबायचा, ताईकडे बघायचा, आणि ताई मान हलवायची, अजून नाही. मास्तरीण बादली सरकवून द्यायची. चौथ्या पाण्यानंतर परातीतलं निम्मं गेलं होतं. सहाव्यानंतर तळाचा मुलामा दिसायला लागला. आठव्याला पाणी नितळ झालं.

परातीत काहीच नव्हतं. दादानं ती उजेडाकडे कलती केली, तळाशी बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं.

"वाळू कुठे गेली?" तो म्हणाला.

"नाहीच आहे," ताई म्हणाली. "अजून दोन वर्षं धुतलं असतं तर तेव्हाही नसती राहिली."

बारक्याला त्या क्षणी दादाची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. तेवीस वर्षं तो मनात हा प्रसंग घडवत आला होता, असं नव्हे. त्याच्या मनात असा प्रसंग कधी आलाच नव्हता. आपण पट्टा मारला, यावर त्याचा दादापेक्षा जास्त विश्वास होता. सकाळी होडीकडे जाताना, मुलाच्या शाळेत जाताना, न्हाव्यासमोर मान देऊन बसताना तो ते ओझं घेऊनच गेला होता. आता ते खाली ठेव म्हणाले, तर हात तसेच वाकलेले राहिले होते.

"नळ बंद कर, दादा," तो म्हणाला.

दादानं नळ बंद केला. हात न पुसताच तो टेबलाशी बसला. 'नसावं' लिहिलेला कागद त्यानं चुरगळला, दुसरा घेतला, आणि बराच वेळ लिहीत राहिला. मधेच तो थांबे, एखादा शब्द खोडे. ओल्या हातानं कागद लिबलिबीत झाला होता.

"उद्या बरण्या न्यायच्या नाहीत," तो मास्तरणीला म्हणाला. "ही बादली ने. आणि नळी. मी सांगेन सगळं, धुण्याचं, सगळं. दक्षिणेचा बांध करायचा की नाही ते त्यांनी ठरवावं. पण खाली काय होतं ते बघून ठरवावं."

"लोक तुम्हाला खूप बोलतील, बाबा."

"बोलू देत."

"आमचं काय लिहिलंत?" बारक्याच्या बायकोनं विचारलं.

दादानं कागद उचलला. वाचताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, अगदी खाली गेला होता. "शिंपल्यांचा पट्टा समुद्रबांधामुळे बसलेल्या गाळाखाली गाडला जाऊन मेला. तळात बदल नाही, हे माझं विधान चुकीचं होतं. माझी बहीण मला वेळेवर सांगत होती, मी ऐकलं नाही. माझ्या धाकट्या भावाचा यात काहीही दोष नव्हता. त्याच्यावर तो मी लादला."

काकूनं पदर डोळ्यांना लावला. ताई ओट्याला टेकून उभी होती. मास्तरीण बादलीत बघत होती, जिथे गाळ आता हळूहळू खाली बसायला लागला होता.

बारक्या चालत टेबलापर्यंत आला. आबांची खुर्ची खिडकीशी असायची, अजून तिथेच होती, कोणी बसत नसे. त्यानं खिडकीची कडी काढली आणि दोन्ही दारं बाहेर लोटली. समोर न्हाव्याच्या दुकानात रविवारची गर्दी होती.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

दादानं त्याच्याकडे पाहिलं.

"मोठ्यानं," बारक्या म्हणाला. "आबांना कमी ऐकू येतं."

दादा उठून उभा राहिला, रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं, आणि तेव्हा वाचलं होतं तसं, पहिल्या शब्दापासून ओरडून वाचायला लागला.